एका रात्रीचा शोध

ऐतिहासिक कथा लिहिणाऱ्या माणसाकडे लोक बहुधा नाटकमंडळीच्या कपडेपटाचा कारभारी या नजरेनें पाहतात. जुनें शहर उभें करावयाचें म्हणजे चार पगड्या, दोन पालख्या, एक मशालजी आणि पत्राच्या आरंभीं ‘राजमान्य राजेश्री’ एवढें सामान जमवावयाचें, अशी त्यांची समजूत असते. आणि ती दृढ करण्यास पुष्कळ कथालेखकांनीं आपल्याकडून हातभार लावलेला आहे. हें सामान खोटें नसतें. पगडी खरीच असते, तिचा घाटहि बरोबर असतो. फक्त तिच्याखालीं डोकें नसतें. वाचक ती पाहून ‘वा!’ म्हणतो आणि पुढच्या पानावर विसरून जातो.

जुन्या शहराचा शोध मला निराळ्या जातीचा वाटतो. त्या शहरांत काय काय होतें याची यादी कोणीहि दक्ष ग्रंथपाल चार दिवसांत करून देईल. कथालेखकाला हवें असतें तें त्या यादीच्या पलीकडचें. तेथल्या माणसाला कोणती गोष्ट करतां येत नव्हती, आणि कोणती ठाऊक नव्हती? ज्या माहितीनें पात्राची वाट अडते ती माहिती कथेच्या उपयोगाची, बाकीची शोभेची.

गेले कांहीं महिने मी एका लघुकथेच्या मागें आहें. कथा एकाच रात्रीची आहे. शहर मुंबई, तारीख १ जुलै १८६५. ही तारीख मुंबईच्या इतिहासांत काळ्या अक्षरांनीं लिहिलेली आहे. अमेरिकेंत १८६१ सालीं यादवी जुंपली, तेथील दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी झाली, आणि लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला. जगाच्या दुसऱ्या टोंकाच्या या भांडणानें मुंबईच्या दारांत लक्ष्मी आणून उभी केली. हिंदुस्थानच्या कापसाला कधीं न ऐकलेला भाव आला, आणि चार-पांच वर्षांत नेहमींच्या उत्पन्नाहून सुमारें ८० कोटि रुपये मुंबईंत अधिक आले असा हिशेब इतिहासकार मांडतात. इतका पैसा गुंतवावयास पुरेशी जागा नव्हती, म्हणून जागा निर्माण करण्यांत आली. बँका निघाल्या, मंडळ्या निघाल्या, समुद्र हटवून जमीन काढणाऱ्या कंपन्या निघाल्या. त्यांत बॅकबे कंपनी ही सर्वांची पट्टराणी. तिच्या पांच हजार रुपये भरलेल्या एका शेअराला पन्नास हजारांचा भाव चढला. मग एप्रिल १८६५ मध्यें अमेरिकेंतील लढाई निकालांत निघाली, कापूस कोसळला, आणि वायद्याचे व्यवहार पुरे करण्याचा दिवस, १ जुलै, उजाडला तेव्हां घेणाराहि हात वर करून उभा आणि देणाराहि. पन्नास हजारांचा तो शेअर पुढें दोन हजारांच्याहि खालीं गेला.

हें सारें ग्रंथांतरीं आहे. माझ्या कथेंत आहे तो फोर्टांतल्या एका पेढीवर लिहिण्याचें काम करणारा, रत्नागिरीकडून आलेला आणि गिरगांवांत बिऱ्हाड करून राहणारा एक कारकून. तो इतिहासांत नाहीं. मीं त्याला कल्पिलें आहे आणि अजून नांवहि दिलेलें नाहीं. त्या रात्रीं तो पेढीवरून घरीं जातो. कथा एवढीच. परंतु ‘घरीं जातो’ हे दोन शब्द लिहावयाचे म्हटल्यावर एकामागून एक प्रश्न दाराशीं येऊन उभे राहिले.

पहिला प्रश्न उजेडाचा. मुंबईच्या रस्त्यांवर गॅसचे दिवे प्रथम लागले ते ऑक्टोबर १८६५ मध्यें. इतिहासाच्या वहींत तीन महिने म्हणजे शाईचा एक ठिपका; पण माझ्या कारकुनाला त्याच तीन महिन्यांनीं अंधारांत ठेवलें. गॅसचा दिवा ही कथालेखकाला मोठी सोयीची वस्तु असते. पात्राला त्याच्या पिवळ्या वर्तुळांत क्षणभर थांबवावें, उतरलेला चेहरा दाखवावा, सावली भिंतीवर लांबवावी, आणि पुढें चालूं लावावें. तो मोह टाकावा लागला. मागें राहिले ते तेलाचे विरळ दिवे, आणि चंद्र. चंद्राचा हिशेब गणितानें मांडतां येतो. त्या दिवशीं शनिवार होता; आषाढाचा शुक्लपक्ष निम्मा सरला होता, एकादशी अवघ्या कांहीं दिवसांवर आली होती. आकाशांत अर्धा चंद्र, तोहि मध्यरात्रीच्या सुमारास मावळणारा. आणि जुलै महिन्यांतले मुंबईचे ढग ध्यानांत घेतले तर त्या अर्ध्याचाहि भरंवसा धरण्यांत अर्थ नाहीं. तेव्हां तो अंधारांतच चालला. त्याचा चेहरा कोणाला दिसला नाहीं. ज्याची अब्रू त्या दिवशीं गेलेली आहे त्याला अंधार ही शेवटची दया असते. गॅसचा दिवा लावला असता तर मीं ती त्याच्याकडून हिरावून घेतली असती.

दुसरा प्रश्न वाटेचा. हल्लींच्या हॉर्निमन सर्कलपासून, जेथें त्या काळीं नवें एल्फिन्स्टन सर्कल आकारास येत होतें, निघावें. हुतात्मा चौकावरून धोबी तलाव गांठावा, आणि तेथून गिरगांवांत शिरावें. दोन मैलांच्या आंतबाहेरची ही वाट मी तीन-चारदां चाललों. तिच्यावरून चालतांना पाहण्यापेक्षां पुसण्याचें कामच अधिक पडतें. आपण ज्याला मुंबई म्हणून ओळखतों तें एकेक उचलून बाजूला ठेवावें लागतें. राजाबाई टॉवर पुसला. तो १८७८ सालीं पुरा झाला. हायकोर्टाची इमारत पुसली. बोरीबंदरचें तें राजवाड्यासारखें स्टेशन पुसलें. त्याला अजून वीसांहून अधिक वर्षें अवकाश होता. घोड्यांची ट्राम १८७४ सालीं आली, विजेची ट्राम तिच्यामागून आली आणि १९६४ सालीं गेलीहि. कारकुनाला दोन्ही भेटल्या नाहींत, तो पायींच गेला. मरीन ड्राइव्ह पुसला, आणि त्याच्या जागीं पाणी पसरलें. इतकें पुसल्यावर मागें उरतो तो १८३३ सालचा टाऊन हॉल, सेंट थॉमसचें जुनें प्रार्थनामंदिर, आणि समुद्र.

मुंबईच्या किल्ल्याचा तट त्याच सुमारास, गव्हर्नर फ्रियरच्या कारकिर्दींत, पाडला जात होता. पूर्वीं त्या तटाचे दरवाजे रात्रीं बंद होत. आंतले आंत आणि बाहेरचे बाहेर. शहराला आतां तटाची भीड उरली नव्हती. शत्रूचें भय संपलें आणि जमिनीला सोन्याचा भाव आला, तेव्हां भिंत ही अडगळ झाली. ज्या ठिकाणीं चर्चगेट नांवाचा खरोखरीचा दरवाजा होता त्याच्या आसपासच आज फ्लोरा फाउंटन उभें आहे. तेथून पुढें मैदान, आणि मैदानापलीकडे, कारकुनाच्या डाव्या हाताला, बॅकबेचा समुद्र. पुढें गिरगांवाच्या अलीकडे समुद्राच्याच बाजूला सोनापूरची स्मशानभूमि. ज्या पाण्याला हटवून जमीन करावयाची म्हणून सारें शहर वेडें झालें होतें, तेंच पाणी आषाढांत गर्जत त्या रात्रीं त्याच्या बरोबर चाललें होतें. हा योग मीं जुळविलेला नाहीं. तो नकाशांतच होता.

तिसरा प्रश्न पैशाचा. आणि येथें कथेनें माझ्या हातून आपला लगाम काढून घेतला. पेढीवरचा कारकून पांच हजारांचा शेअर घेणार कोठून? तो पन्नास हजारांना गेल्यावर तर त्याचें नांवहि त्यानें दबकतच उच्चारलें असेल. परंतु त्या दिवसांत पैसा नसतांनाहि व्यवहार करण्याची एक रीत होती. अमुक तारखेस अमुक भावानें घेईन, एवढा शब्द द्यावयाचा. तारखेपर्यंत भाव चढला तर फरकाचा नफा पदरांत, उतरला तर फरक भरावयाचा. हा वायदा. त्याला रोकड लागत नसे, पत लागे. आणि पत ही तिजोरींत नसते, ती शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या आणि सोयऱ्याधायऱ्यांच्या मनांत असते. माझ्या कारकुनापाशीं दुसरें काय होतें? गिरगांवच्या वाडींतली एक विधवा बाई आपलीं दोन पाटल्यांचीं जोडें त्याच्यापाशीं विश्वासानें ठेवते, गांवाकडला मेहुणा घर शाकारण्याचे पैसे त्याच्या स्वाधीन करतो; एवढीच त्याची पत. ती त्यानें वायद्याला लावली. हें उमगल्यावर माझी कथा पैसे बुडाल्याची राहिली नाहीं. ती शब्द बुडाल्याची झाली.

चौथी गोष्ट मला ग्रंथालयांत मिळाली नाहीं. ती आमच्या एका वृद्ध आत्यानें दिली. आत्या रत्नागिरीकडची, वय ऐंशींच्या पलीकडे, पण डोळे आणि जीभ दोन्ही शाबूत. जुन्या काळीं लोक मुंबईहून गांवीं कसे येत, असें मीं तिला विचारलें. ती देवापुढच्या वाती वळीत बसली होती. मान वर न करतां म्हणाली, “केव्हां यायचें तें आधीं सांग. दिवाळीनंतर म्हणशील तर पडावानें. आषाढांत म्हणशील तर कसले पडाव नि कसलें काय! आमच्या वेळीं आगबोटसुद्धां पावसांत बंद असे. नारळीपौर्णिमा झाल्याशिवाय समुद्र कुणाला गांवाला नेत नाहीं, बाबा.”

मी गप्पच झालों. १८६५ सालची नारळीपौर्णिमा ऑगस्टच्या पहिल्या आठवड्याच्या अखेरीस येते. म्हणजे बुडालेल्या माणसाला गांवाकडे नेणारी वाट पांच आठवडे बंद. रेल्वे होती, १८६३ सालीं ती बोरघाट चढून गेली होती, पण तिनें कोंकणाकडे पाठ केलेली होती. ती धरून पुण्यास जावें, तेथून घाटमाथ्यानें दक्षिणेस उतरावें आणि भर पावसांत दुथडी वाहणाऱ्या नद्यांतून पायवाटेनें घर गांठावें, हा उद्योग पदरीं पैसा आणि पायांत बळ असलेल्याचा. शिवाय दुसरा दिवस रविवार. पेढी बंद. पळून जावयास कोंकण नाहीं आणि तोंड लपवावयास कचेरी नाहीं. सकाळीं वाडींतल्या त्या बाईसमोर उभें राहण्यावांचून गति नाहीं. माझ्या मनांतली कथा ज्या गांठीसाठीं अडून राहिली होती ती गांठ कोणत्याहि प्रतिभेनें बांधली नाहीं. ती मोसमी वाऱ्यानें बांधली.

यावरून कोणाला वाटेल कीं मी ग्रंथांना कमी लेखतों. तसें नाहीं. परंतु या शोधांत मला ग्रंथांच्या दोन जाती दिसून आल्या, आणि त्यांचा भेद मला फार महत्त्वाचा वाटतो. एक जात शेवट ठाऊक असलेल्यांची. सर दिनशा वाच्छा यांनीं आपल्या तरुणपणच्या मुंबईच्या आठवणी १९२० सालीं इंग्रजींत प्रसिद्ध केल्या. १८६५ सालीं ते वीस-एकवीस वर्षांचे होते. तो चढ आणि ती पडझड त्यांनीं स्वतः पाहिली. त्यांच्याइतका जाणता साक्षीदार मिळणें कठीण. पण पन्नासांहून अधिक वर्षांच्या अंतरावरून पाहणाऱ्याला त्या सगळ्या धामधुमींत नाशाचीं बीजें स्पष्ट दिसतात, आणि तो तीं आपल्यालाहि दाखवितो. दुसरी जात शेवट ठाऊक नसलेल्यांची. गोविंद नारायण माडगांवकर यांचें ‘मुंबईचें वर्णन’ १८६३ सालीं छापलें गेलें. शहर भरतीवर होतें तेव्हां लिहिलेला हा ग्रंथ. ओहोटी केव्हां येणार हें त्याला ठाऊक नव्हतें, आणि ग्रंथकर्ता स्वतः १८६५ सालींच निवर्तला. त्याच्या पानांवर भरलेले बाजार, वाढती वस्ती, नव्या संस्था हें सर्व पाहतांना कोठेंहि पाऊल चुकल्याचा भास होत नाहीं. शहाणपण वाच्छांच्या पुस्तकांत अधिक आहे. पण माझा कारकून राहतो तो माडगांवकरांच्या पुस्तकांत.

कारण कथालेखकाचा मोठा शत्रु अज्ञान हा नसतो. अज्ञान ग्रंथालयांत बसून दूर करतां येतें. त्याचा खरा शत्रु म्हणजे त्याला आगाऊ मिळालेला शेवट. १ जुलै या तारखेवर काय वाढून ठेवलें आहे हें मला ठाऊक आहे, म्हणून जूनमध्यें हंसणारा माणूस मला मूर्ख दिसतो. हें मूर्खपण त्याच्या अंगीं नसतें. तें मी माझ्या काळांतून नेऊन त्याच्या माथीं मारतों. त्या माणसाच्या डोळ्यांनीं पाहूं गेल्यास काय दिसतें? १८४० सालीं निघालेली, खुद्द सरकारचे भाग असलेली बँक ऑफ बॉम्बे शेअरांच्या तारणावर पैसे देत होती. मोठमोठे युरोपियन, पारशी, भाटिये आणि बनिये व्यापारी त्याच पंगतीला बसले होते. प्रेमचंद रायचंद यांच्या देणगींतून विद्यापीठाला ग्रंथालय आणि मनोरा मिळावयाचे होते, तो मनोरा त्यांच्या मातोश्रींचें नांव घेऊन आजहि उभा आहे. सरकार, सावकार आणि विद्वान जेथें एकमुखानें ‘होय’ म्हणत होते तेथें वीस-पंचवीस रुपड्यांच्या नोकरानें ‘नाहीं’ म्हणावें, अशी अपेक्षा आज आपण कोणत्या तोंडानें करावी? ती बँकहि १८६८ सालीं मोडली आणि सरकारला चौकशीसाठीं कमिशन नेमावें लागलें. कमिशनापुढें कारकुनाची साक्ष घेण्याचें कारण नव्हतें. त्याची चौकशी वाडींतच झाली असेल.

सर्वांत शेवटीं मला दोन आंकडे भेटले, आणि ते अजून मला सोडीत नाहींत. १८६४ सालच्या मोजणींत मुंबईची वस्ती ८,१६,५६२ भरली. १८७२ सालीं पुन्हा मोजली ती ६,४४,४०५. वजाबाकी शाळकरी पोरालाहि येईल: १,७२,१५७. यांतले पुष्कळ लोक भरतीबरोबर आले असतील आणि ओहोटीबरोबर गेले असतील; कोणी गांवीं परतले, कोणी दुसरीकडे पोट भरावयास गेले, कोणी सोनापुरास पोंचले. जुन्या वर्तमानपत्रांच्या बांधीव ग्रंथांत कोठ्याधीशांचीं नांवें मोठ्या टाइपांत सांपडतात. त्यांचीं दिवाळीं निघालीं तींहि मोठ्या टाइपांतच. जगन्नाथ शंकरशेटांसारखा थोर नागरिक त्याच महिन्याच्या अखेरीस, ३१ जुलैला, निवर्तला. त्याची नोंद इतिहासानें योग्य आदरानें ठेवली आहे. पण त्या वजाबाकीच्या बाकींतल्या एकाचेंहि नांव कोणी लिहून ठेवलें नाहीं. माझा कारकून कोठें राहतो असें आतां कोणीं विचारलें तर मी गिरगांव म्हणणार नाहीं. तो त्या बाकींत राहतो, असें म्हणेन.

म्हणूनच कल्पना आणि शोध यांचें भांडण मला खरें वाटत नाहीं. कथालेखकानें वाटेल तें कल्पावें असें म्हणणारे आणि दप्तराबाहेर एक पाऊलहि टाकूं नये असें म्हणणारे, दोघेहि एकाच गोष्टीकडे काणाडोळा करतात. ज्यांच्याविषयीं दप्तर बोलतें त्यांच्या तोंडीं आपण खोटे शब्द घालूं नयेत. त्यांना त्यांचे शब्द आहेत. ज्यांच्याविषयीं दप्तर मुकें आहे त्यांच्यासाठींच कल्पनेला बोलावणें आहे. पण तिनेंहि त्यांच्याच अंधारांतून, त्यांच्याच वाटेनें, त्यांच्याच पावसांतून चाललें पाहिजे. मेलेल्या माणसाला आपण दुसरें कांहीं देऊं शकत नाहीं. निदान त्याच्या डोक्यावर जो चंद्र नव्हता तो लावूं नये, आणि जी बोट सुटत नव्हती तिच्यांत त्याला बसवून आपली कथा सोपी करूं नये.

माझी कथा अजून पुरी व्हावयाची आहे. कारकून सध्यां धोबी तलावापाशीं पोंचला आहे. पाऊस पडतो आहे. डावीकडे समुद्राचा आवाज आहे. त्याला अजून अर्धी वाट चालावयाची आहे आणि वाडींतला एक दिवा त्याच्यासाठीं जागा आहे. तो त्या बाईला काय सांगतो हें मला ठाऊक नाहीं. एवढें मात्र ठाऊक आहे कीं पांच आठवडे तो रोज तिच्या दारावरून येणार-जाणार आहे, आणि तोंवर समुद्र उघडावयाचा नाहीं.